मुलं तिकडं, अंगणवाडी इकडं

१६ जून, सोमवार

एकही मूल आलं नाही. येणार तरी कुठून — वस्तीच राहिली नाही.

खोली उघडली, झाडली, सतरंजी अंथरली. मोबाईलवर हजेरी उघडली. सगळ्यांची नावं अजून तशीच. एकेकाच्या नावापुढं गैरहजर, गैरहजर भरत गेले. मग खुर्चीवर बसून राहिले. दारातून दिसतं काय, तर विटांचे तुकडे, चेपलेले पत्रे, कुणाची तरी अर्धी मोरी. भट्टी वस्तीतलं सगळं पाडलं, ही अंगणवाडीची खोली तेवढी ठेवली. का, तर ती सरकारी.

संध्याकाळी वस्तीच्या बदल्यात मिळालेल्या नव्या बिल्डिंगखाली बघते तर तीच पोरं मुरमाच्या ढिगाऱ्यावर. सार्थक पळत आला. "बाई, शाळा कधी?"

काय सांगू त्याला? शाळा रोज उघडते म्हणून?

१७ जून, मंगळवार

तेच.

१९ जून, गुरुवार

नवीन घराबद्दल लिहायचं राहूनच जातंय. खरं तर रोज त्याच्याबद्दलच लिहायला पाहिजे. वीस वर्षं दुसरं काही मागितलं नव्हतं आम्ही. राजेंद्र कंपनीतून आले की चहा पिता पिता घराचंच बोलायचे. स्वयंपाकघराला खिडकी पाहिजे, बाहेर एक कढीपत्ता पाहिजे. मग ते गेले, आणि तीन वर्षांनी घर आलं.

खिडकी आहे. माझे गुडघे बघून तळमजला दिला, तेही बरं झालं. भिंती गुळगुळीत. नळ आहे. पण शांतता इतकी की पेला ठेवला तरी दचकायला होतं. वस्तीत पलीकडच्या घरात कुणी खोकलं तर मी इकडून ओरडायचे, ओवा घे गं. इथं दार लावलं की लावलं.

चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, म्हणून शेजारचं कुणीच शेजारी आलं नाही. आई एका बिल्डिंगीत, सून दुसऱ्या. अर्धी घरं तर कुलूपबंद आहेत. ही जागा शहराबाहेर, करमाडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. बहुतेकांचं काम शहरात. लोक चाव्या घेऊन गेले आणि परत कामाजवळ भाड्यानं खोल्या करून राहिले. दवाखाना नाही, रेशनचं दुकान नाही. अंगणवाडी नाही. अंगणवाडीच्या बाई आहेत — त्या रोज सकाळी बसनं शहरात जातात, रिकाम्या खोलीत बसायला.

२३ जून, सोमवार

मेघा मॅडमना फोन केला. आमच्या पर्यवेक्षिका. म्हटलं, मॅडम, माझी मुलं सगळी तिकडं आहेत, मला तिकडंच बसू द्या ना.

"निशाताई, अंगणवाडी भट्टी वस्तीला मंजूर आहे. तिथंच बसावं लागेल."

"पण मॅडम, वस्ती नाही आता."

"मला कळतंय हो. हलवायची तर तुमचा अर्ज पाहिजे, तिथं तळमजल्यावर जागा पाहिजे, मग वरून मंजुरी. जागा आहे का?"

जागा कुठली. खालचे गाळे आहेत, त्यांना कुलपं. कुणाची म्हणून विचारलं तर कुणालाच माहीत नाही.

"मग तोवर बसा तिथं," मॅडम म्हणाल्या. वाईट नाहीत त्या. त्यांच्या आवाजातच कळत होतं.

२७ जून, शुक्रवार

आज पहिली बस मिळाली म्हणून लवकर पोहोचले. कुलूप काढायला जावं तर कुलूप नाहीच. दार आतून बंद. दार ढकललं, कडी वाजवली. कोण आहे आत?

आतून आवाज — "मीच हाय बाई. घाबरू नको."

सरूबाई. गोधडी घडी करत होती. कोपऱ्यात तिची पत्र्याची पेटी, त्यावर पातेलं. तक्त्यांच्या मागं दोरीवर लुगडं वाळत घातलेलं. आमच्या मदतनीस चंपाबाई निवृत्त झाल्या तेव्हा दुसरी चावी सरूबाईकडं ठेवलेली, ती मी विसरूनच गेले होते.

मी म्हटलं, सरूबाई, तुम्ही लासूर स्टेशनला भावाकडं गेलात ना?

"गेले व्हते. चार दिस बरं बोलले. मंग भावजय म्हनली, आक्का, आता किती दिवस? आले निघून." गोधडी पेटीवर ठेवली. "तू येयच्या आत रोज निघून जाते मी कामाला. आज डोळा लागला."

सरूबाई बद्रीनाथच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायची. आमच्यापेक्षा जास्त वर्षं. पण घरं मिळाली ती मालकांना. बद्रीनाथला मिळालं, तिला नाही. भाडेकरू मोजलेच नाहीत कुणी. पाडापाडीच्या दिवशी ती पुंडलिकनगरात कुणाची तरी भांडी घासत होती. संध्याकाळी आली तर घर नाही.

"कुणाला सांगशील का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, चहा ठेवा.

१ जुलै, मंगळवार

आता रोज पहिल्या बसनं जाते. ती कामाला निघायच्या आत एक चहा होतो. ती गाळते, मी बिस्किटं नेते. आज ती तिच्या कामाच्या घरच्या मालकिणींच्या नकला करत होती. हसून हसून डोळ्यात पाणी आलं माझ्या. किती दिवसांनी हसले, आठवत नाही.

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, तिला कधी बोलणार नाही. आम्ही वस्तीत नवीन होतो तेव्हा सरूबाई आमच्या घरी पाणी पीत नव्हती. उपास आहे म्हणायची. रोज कुठला उपास, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मग राजेंद्र आजारी पडले. मी घाटी दवाखान्यात त्यांच्याजवळ, घरी कुणी नाही. एक दिवस ही डबा घेऊन वॉर्डात उभी. भाकरी, पिठलं. "दोघी मिळून खाऊ," म्हणाली. माझ्याच ताटात जेवली. त्यावर आम्ही दोघीही एक शब्द कधी बोललो नाही.

८ जुलै, मंगळवार

आज विचारलंच. सरूबाई, माझ्याकडं राहायला चला. घर मोठं आहे, मी एकटी आहे.

"आन कामं?"

"पाहू तिकडं."

"तिकडं कुनाची भांडी घासू? तुजी?" हसली. मग हसणं थांबलं. "सकाळच्या पारी पहिल्या घरी हजर लागतं मला. एक दिस तुजी बस चुकली की काम गेलं. कामं गेली तर मी खाऊ काय? तुज्या घरात बसून खाऊ?"

मी म्हटलं, खाल्लं तर काय झालं.

"लई दिवस नाय चालत तसं. भावाच्या घरी बगून आले ना."

बसमध्ये येताना वाटत होतं, मी तिच्यासाठी विचारलं की माझ्यासाठी?

९ जुलै, बुधवार

काल रागावली असेल म्हणून भीत भीत गेले. चहा तयार होता.

१७ जुलै, गुरुवार

अक्षर बघा कसं आलंय.

दुपारी घरी येऊन नुसती टेकले होते, तर बाहेर आरडाओरडा. सगळे वर बघत होते. तिसऱ्या मजल्यावर सार्थक. खिडकीच्या बाहेर, कट्ट्यावर उभा. जाळी बसवायची राहिलीच आहे त्या बाजूला. त्याची आई श्रेया शेंद्र्याला कंपनीत जाते. बाप गोकुळही तिकडंच. सासू नाही, कुणी नाही. पोराला जेवू घालून, टीव्ही लावून, बाहेरून कुलूप घालून जाते. ती एकटीच नाही, बऱ्याच जणी तसंच करतात. करणार काय?

खालून लोक ओरडत होते, मागं हो, मागं हो. जितके ओरडत होते तितका तो रडत होता आणि पुढं सरकत होता. कुणीतरी कुलूप तोडायला वर पळालं. मला वाटलं, दार फोडल्याचा आवाज झाला आणि तो दचकला तर?

मी सगळ्यांना हातानं गप्प केलं. आणि जसं रोज वस्तीत म्हणायचे तसंच म्हटलं. मोठ्यानं, पण रागावून नाही. "चला, हजेरी. सगळे सतरंजीवर बसा. सार्थक, तू कुठं बसतोस? फळ्याजवळ ना? जा बघू आपल्या जागेवर."

तो बघत राहिला. रडणं थांबलं. "मांडी घालून," मी म्हटलं. "मांडी घातल्याशिवाय नाव घेणार नाही मी."

तो वळला. एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग दिसेनासा झाला. कुलूप तोडून माणसं आत गेली तेव्हा तो घरात फरशीवर मांडी घालून बसलेला. वाट बघत. मी वर गेले, गुडघे कुठले आठवतायत. त्याचं नाव घेतलं. तो म्हणाला, "हजर बाई."

श्रेया संध्याकाळी आली. रडली नाही. दाराला धरून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, उद्या कामाला जाऊ का नको?"



१८ जुलै, शुक्रवार

अर्ज लिहिला. अंगणवाडी इथं हलवा म्हणून. लिहिताना समोर सरूबाईची पेटी होती.

अंगणवाडी हलली की ही खोली रिकामी. रिकामी झाली की पाडणार. मुलांना आत घ्यायचं तर तिला बाहेर काढायचं. दोन्ही मीच करायचं. चहा पिताना सार्थकचं सांगितलं, अर्जाचं नाही सांगितलं. ती ऐकत होती, तोंडावर पदर धरून. "देवा, देवा," एवढंच म्हणाली.

मी अर्ज देऊन आले.

२४ जुलै, गुरुवार

मेघा मॅडम खोली बघायला आल्या. मला वाटलं सरूबाई कामाला गेली. ती गेली नव्हती, मागच्या बाजूला भांडी विसळत होती. मॅडम खुर्चीवर बसल्या, रिकाम्या सतरंजीकडं बघत राहिल्या जरा वेळ.

"तुमचा अर्ज मी पुढं पाठवलाय. पण जागेचं काय?"

मी म्हटलं, गाळ्यांना अजून कुलपंच आहेत.

"निशाताई, तुमचं घर तळमजल्यावर आहे ना? बऱ्याच सेविका घरात भरवतात. मंजुरीही लवकर येईल. ही खोली मग सोडून द्यायची."

माझं घर. राजेंद्रांनी खिडकी मागितलेली ते घर. मग सार्थक डोळ्यासमोर आला, त्या कट्ट्यावरचा. मी हो म्हटलं.

मॅडम गेल्या. सरूबाई पुढं आली. ओले हात पदराला पुसत.

मी म्हटलं, सरूबाई, मी तुम्हाला सांगणारच होते.

"मला काय इचारायचं त्यात?" ती म्हणाली. "लेकरं तिकडं आन अंगनवाडी हिकडं, असं कुटं असतं व्हय? बरं केलंस."

"तुम्ही कुठं जाल?"

"माजं मी बगते." आणि चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं. साखर जास्त पडली आज तिच्याकडून.

४ ऑगस्ट, सोमवार

मंजुरी आली. सामान न्यायला टेम्पो घेऊन गेले. दार उघडं, आत कुणी नाही. पेटी नाही, दोरीवर लुगडं नाही. खोली सारवल्यासारखी स्वच्छ. सतरंजी झटकून गुंडाळलेली, तक्ते भिंतीवरून काढून एकावर एक रचलेले. माझं काम करून ठेवून गेली.

टेम्पोवाला म्हणाला, ताई, चला, थांबून काय बघताय.

६ ऑगस्ट, बुधवार

पहिला दिवस. माझ्या घरात इतकी पोरं! नळ चालू ठेवला, भिंतीवर खडूनं रेघा काढल्या, एकानं स्वयंपाकघरात शू केली. सार्थक फळ्याजवळ बसला. श्रेया कामाला जाताना दारातून वाकून बघून गेली. परत आली, परत बघितलं, मग गेली.

एक वाजता सगळी गेली. दुपार इतकी मोठी असते हे मला आजच कळलं. आधी निदान बस असायची.

७ ऑगस्ट, गुरुवार

सरूबाईचा फोन बंद.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रोज मुलं गेली की शहरात जाते. मुकुंदवाडी स्टेशन पाहिलं. बसस्टँड पाहिलं. बाकड्यावर गोधडी दिसली की वाकून बघते. बायका रागावतात, बरोबर आहे. झोपलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघणं चांगलं नाही.

एक बाई मात्र रागावली नाही. "कुनाला हुडकता?" म्हणाली. मी सरूबाईचं वर्णन सांगायला लागले. उंची, रंग, हिरवं लुगडं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी कोन तिच्या?"

शेजारीण म्हणाले. पण वस्तीच नाही तर शेजारीण कशाची.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सापडली. कालचं सगळं नीट लिहायला पाहिजे.

मला आधीच सुचायला पाहिजे होतं — घर बदललं तरी कामं ती सोडणार नाही. पुंडलिकनगरात तिच्या नकलेतला आवाज एका घरातून ऐकू आला आणि मी घर ओळखलं. मालकिणीला विचारलं. त्या म्हणाल्या, येते की रोज, आत्ताही आतच आहे. राहते कुठं? "ते काही विचारलं नाही बाई आम्ही." मी फाटकाबाहेर उभी राहिले.

ती आली. मला बघून थांबली. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले.

मी म्हटलं, फोन का बंद?

"बिगडला." मग म्हणाली, "नाय बिगडला. तू रडशील म्हनून बंद ठिवला."

ती बायकांच्या निवाऱ्यात राहते. बेघर बायकांसाठी शहरात आहे तो. चल, दाखवते म्हणाली, म्हणून गेले. एक लांब खोली, ओळीनं खाटा, प्रत्येकीच्या उशाशी पिशवी. मी मनात खूप वाईट चित्र रंगवलं होतं. तर तिथं एक म्हातारी दुसरीच्या डोक्याला तेल लावत होती. कुणी भांडत होतं, कुणी त्या भांडणात तोंड घालत होतं. सरूबाई आत जाताच चौघी म्हणाल्या, आली का गं आपली आक्का. मी दारात उभी होते. मला हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

पण तिथंही किती दिवस ठेवतील ते नक्की नाही, म्हणाली. गर्दी वाढली की जुन्यांना दुसरीकडं बघा म्हणतात.

बोलता बोलता शेवटची बस गेली. सरूबाई म्हणाली, "ऱ्हा आजची रात. खाट हाय मोकळी." देखरेखीच्या बाई नाव विचारायला आल्या. नाव सांगितलं. गाव सांगितलं.

"घर आहे का?"

माझ्या पर्समध्ये घराची किल्ली होती. मी म्हटलं, नाही.

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. सरूबाई माझ्याकडं बघत राहिली. दोन्ही खाटा जवळजवळ होत्या. आडवं झाल्यावर हळूच म्हणाली, "खोटं का बोललीस गं?"

मी म्हटलं, खोटं कुठं बोलले?

मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तिकडं कुनीच नाय का?"

"सकाळी मुलं असतात."

"आन मंग?"

तिनं तिची गोधडी अर्धी माझ्या अंगावर टाकली. त्या खोलीत सगळ्या बायका घोरत होत्या, खोकत होत्या, झोपेत बोलत होत्या. इतकी गाढ झोप मला नवीन घरात एकदाही लागली नव्हती.

सकाळी ती कामाला निघाली, मी बसला. उशीर झाला. मुलं दारात रांगेनं बसली होती.

२३ ऑगस्ट, शनिवार

राजेंद्रांच्या फोटोपुढं बसून त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले असते का? मला नाही वाटत. खिडकी वापरात आहे. मुलं तिच्यात बसून खिचडी खातात.

३१ ऑगस्ट, रविवार

पुंडलिकनगरच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. सरूबाईच्या नावानं घेतली. अंगणवाडीच्या कोपऱ्यातली माझी कॉट आणि राजेंद्रांचा फोटो आज रिक्षात घालून आणला. उद्यापासून मुलांकडं इथूनच बसनं जायचं.

घरमालक सामान बघत उभे होते. मग माझ्याकडं वळले. "ह्या कोण? आडनाव काय यांचं?" मी बोलणार तेवढ्यात सरूबाई मध्ये आली, हातात झाडू तसाच.

"माज्या घरातली हाय," म्हणाली.